पंचनामा यंदाच्या सिनेमांचा

कोकणी माणसाला 'यंदा तुला कुठला सिनेमा आवडला?' असं विचारणं म्हणजे त्याच्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागण्यासारखं आहे. तो आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या मागे कोणी उभं आहे का ते बघतो आणि मग सावकाश विचारतो, "कित्याक व्हया तुका?"

मला ते वाचनालयासाठी हवं होतं. देवगड आणि मालवणच्या मधल्या आमच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या दाराशी काळा फळा आहे आणि त्यावर बारा महिने 'वर्गणी भरा' एवढंच लिहिलेलं असतं. २०२५ साल संपत आलं तेव्हा कार्यकारिणीच्या सभेत कुणाला तरी उत्साह आला. गावकऱ्यांचे यंदाचे आवडते पाच चित्रपट फळ्यावर लिहायचे, म्हणजे तरुण पिढी वाचनालयाकडे वळेल. सिनेमाची नावं वाचून पोरं पुस्तकांकडे कशी वळणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने मंजूर झालेल्या ठरावाचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, हे ज्यांनी कधी कार्यवाहपद भूषवलंय त्यांना सांगायला नको.

वही घेऊन मी तिठ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. मुहूर्तच चुकीचा होता. डिसेंबरात बागायतदाराशी मोहोर सोडून दुसऱ्या विषयावर बोलणं हा मुळात अपराध. थंडी पडली की मोहोर येतो, ढग आले की मोहोरावर तुडतुड्याची कीड येते, आणि यंदा त्याच्या मागोमाग मी आलो.

"अण्णा, यंदा सिनेमे कसे वाटले?"

"बरे होते."

"आवडला कुठला?"

"आवडूक काय, तसे वायट नव्हते. ता फवारणीचा औषध तुका कितक्याक पडला?"

त्यांच्या नावापुढे काय लिहू? मी फवारणीच्या औषधाचा भाव लिहिला.

पुढची अडचण 'यंदा' ह्या शब्दापाशी आली. शहरातल्या माणसाचं वर्ष एक जानेवारीला सुरू होतं. आमचं कुणाचं मृगाला होतं, कुणाचं गणपतीला, आणि थोरल्या काकीचं तिला आठवेल तेव्हा. तिनं 'मुंज्या' सांगितला. म्हटलं, काकी, तो गेल्या वर्षी जूनमध्ये आला. "मी टीव्हीर बगलंय तो यंदाच," ती म्हणाली, आणि तो मुद्दा तिथंच निकालात निघाला. कोकणातल्या भुतावर हिंदीत सिनेमा निघतो आणि तो देशभर चालतो याचं मला कौतुक होतं. काकीला नव्हतं. "मुंजो असो वाजत-गाजत येता काय मेल्या? आमच्या पिंपळावरचो इतकी वर्सां आसा, शेजाऱ्याक पत्तो नाय!" पुढे बराच वेळ तिनं त्या सिनेमातल्या भुताला भुतासारखं वागायचं वळण कसं नाही ते सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे नाही आवडला?" तर काकी माझ्यावरच उखडली. "नाय आवडलो म्हणान कोण बोलला?"

इथे मला जरा शंका आली होती, पण पुढची माणसं रांगेत होती.

डिसेंबरातच आलेल्या 'धुरंधर'वर तरुण पोरांचा फार जोर. पण हा सिनेमा साडेतीन तासांहून थोडा लांबच, आणि आमच्याकडून थिएटर गाठायचं म्हणजे आचरा तिठ्यावरून कणकवलीची एसटी धरायची. दुपारचा खेळ सुटायच्या आत वस्तीची गाडी सुटते. त्यामुळे गावातल्या एकाही पोरानं त्याचा शेवट पाहिलेला नाही. कोण मध्यंतरानंतर अर्ध्या तासानं उठला, कोण पाऊण तासानं. जो जास्त वेळ बसला तो जास्त अधिकारानं बोलत होता. एकच धाडसी निघाला. त्याची सासुरवाडी कणकवलीला. तो शेवटपर्यंत बसला, रात्री सासऱ्याकडे जेवला, झोपला आणि सकाळी परत आला. सगळी पोरं त्याच्याभोवती जमली. त्यानं सांगितलं, "शेवट खंय आसा? दुसरो भाग मार्चात येतलो म्हणान सांगल्यानी."

आधीच उठून आलेल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते कुठल्याच सिनेमाला मिळालं नसेल.

'सैयारा'चं प्रकरण वेगळं. तो आला अठरा जुलैला, भर पावसात. शेजारची कॉलेजातली मुलगी मैत्रिणींबरोबर गेली आणि डोळे सुजवून परत आली. देशभरची पोरं तेव्हा थिएटरात रडत होती, पण ही बातमी तिच्या आईपर्यंत पोचलेली नव्हती. आई आधी म्हणाली, "कंडक्टर काय बोललो काय गो?" मुलीनं हुंदके आवरत सांगितलं की सिनेमातल्या मुलीला सगळं विसरायचा आजार होतो, आपलं माणूससुद्धा ओळखू येत नाही. आई सुपात धान्य पाखडत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "मगे? तुझ्या बापाशीक लग्नापासून आसा." मुलीचं मत मी नोंदवलं. आईचंही नोंदवलं, पण ते फळ्यावर जाण्याजोगं नव्हतं.

मासेमारी एक जून ते एकतीस जुलै बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी विणत विणत आमचे खारवी-गाबीत बांधव जेवढे सिनेमे बघतात तेवढे मुंबईतले समीक्षकही बघत नसतील. एरवी ते फोनमध्ये सिनेमे भरून होडीवर नेतात. इंजिनाच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत, पण त्यानं काही अडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अडतं ते समुद्रामुळे. सिनेमात समुद्र आला की आमच्या तांडेलाचं, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचं, डोकं फिरतं. हिरो नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून दोन्ही हात पसरतो, वाऱ्यावर केस उडतात, हे त्यानं एकदा पाहिलं आणि ते त्याच्या काळजात रुतून बसलंय. "नाळेर असो उभो रवलो तर पयली लाथ मी घालतलंय. जाळा कोण वडतलो? तेचो बापूस?" नंतर भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, आणि सुकी चप्पल घालून होडीतून उतरणाऱ्या हिरॉइनी यांवर एक सविस्तर व्याख्यान झालं. अखेर तो म्हणाला, "होडी नसलेलो खयलोय लिव."

तक्रारी लिहिता लिहिता वही भरत आली. प्रशंसेचं वाक्य एक नाही. तेवढ्यात नाताळच्या सुट्टीत मुंबईचे भावोजी आले, त्यांनी वही हातात घेतली आणि सटासट मतं दिली. हा मास्टरपीस, तो एक नंबर, त्याला पाचपैकी पाच, ह्याचा कॅमेरा बघा नुसता. सगळंच आवडलं होतं त्यांना. हॉटेलातल्या मंडळींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि भावोजी सिगरेट ओढायला बाहेर गेल्यावर एकमतानं त्यांचं मत रद्द केलं. "तेंनी काय एक बगूक नाय. बगल्यानी असते तर काय तरी खुटाक लागला असता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे न आवडलेल्या गोष्टीवर कुणी वेळ घालवत नाही. 'बरो होतो' म्हणून फवारणीकडे वळला, की समजावं, तो सिनेमा गेला. आमचा माणूस जावयाला नावं ठेवतो, देवाच्या पालखीला नावं ठेवतो, स्वतःच्या कलमाच्या हापूसलासुद्धा 'यंदा चव नाय' म्हणतो आणि पेटी सहज हलवून देत नाही. ज्याच्यात तो मन लावून खोड काढतो, ती वस्तू त्याच्या जवळची. मग मी मतं मोजणं सोडून तक्रारींच्या ओळी मोजायला लागलो. यादी भराभर उलगडायला लागली.

'छावा'ला ओळी भरपूर मिळाल्या. त्यातल्या निम्म्या आमच्या वाडीत संगमेश्वराहून आलेल्या सुनेच्या. संभाजी महाराज १६८९ मध्ये पकडले गेले ते तिच्या माहेरी, कसबा संगमेश्वरात. थिएटरात ती ओक्साबोक्शी रडली हे तिच्या नवऱ्यानं सांगितलं. ती स्वतः एवढंच म्हणाली, "शास्त्री आणि सोनवीचा संगम असा दिसतो होय? मला विचारायचं होतं, मी नकाशा काढून दिला असता."

आमचे निवृत्त मास्तर म्हणजे गावातले एकमेव जागतिक प्रेक्षक. त्यांनी पुण्याला मुलीकडे असताना 'साबर बोंडं' पाहिला होता. रोहन कानवडे यांचा हा मराठी सिनेमा, वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या गटातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. मास्तरांनी चष्मा पुसून गोष्ट सांगितली. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी मूळ गावी येतो, नातेवाईक त्याच्या लग्नाचा घोशा लावतात, आणि त्याचा जीव जडलेला असतो तो लहानपणच्या मित्रावर. हॉटेलात सगळे गप्प. भजी तळणाऱ्याचा झारासुद्धा थांबला. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी पेन टोपणात घातलं.

काकी दूध द्यायला आली होती. तिनं विचारलं, "दहाव्याक कावळो शिवलो?"

मास्तर गडबडले. तेवढं त्यांच्या लक्षात राहिलेलं नव्हतं.

"ताच बघूचा असता," काकी म्हणाली. "दहा दिवस घरात माणसां भरलेली, त्यात लगीन कर, लगीन कर म्हणान मागे लागतले. बापूस गेल्लो आसा तेचो. पोराक जरा बसाक तरी दितत काय?" आणि मग दुधाचे पैसे मागून घेऊन गेली. सनडान्सच्या परीक्षकांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण काकीच्या चार ओळी मी वहीत तशाच ठेवल्यात.

आणि मग 'दशावतार'.

हा आला बारा सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झालेला, चाकरमानी परत गेलेले, गाव रिकामा. तरी आमच्या वाडीतून टेम्पो भरून माणसं गेली. दशावतारी नाटकांतला एक म्हातारा नट, त्याची अधू होत चाललेली नजर, आणि ते काम करणारे ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर. सुबोध खानोलकर यांचा हा सिनेमा आमच्याच मुलखातला, आमच्याच बोलीतला. त्यामुळे त्याच्या तक्रारी लिहायला मला दुसरी वही आणावी लागली. बोलीवरून जुंपली ती आधी. एक म्हणे ही मालवणी कुडाळची, दुसरा म्हणे वेंगुर्ल्याची, तिसऱ्याच्या मते असं कोणीच बोलत नाही, आणि हे तो अगदी तसंच बोलत होता. पडद्यावर दिसलेला व्हाळ, म्हणजे ओढा, आपल्याच गावचा असल्याचा दावा तीन गावांच्या माणसांनी केला. प्रकरण प्रांताकडे जातं की काय असं वाटलं.

खरी साक्ष बुवांची. बुवा उमेदीच्या काळात दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. दमयंती, तारामती, सगळ्या पतिव्रता त्यांनी जत्राजत्रांतून रात्रभर रडवल्या आणि सकाळी खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढून पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरली. बुवांनी चहा मागवला म्हणजे दीर्घ बैठक, हे सगळ्यांना कळलं.

"आमच्यात पाठांतर नाय," ते म्हणाले. "आख्यान सांगतत, आणि उभ्या उभ्या बोलूचा. ह्येंनी कागदार लिवन काढल्यानी. आणि एकच गोष्ट दहा बाजूंनी दाखयतत. आमच्या संकासुराक एकदा चुकलो तर परत करूक गावता काय?" पखवाजाचा ठेका, मुकुटाची बसण, नेसणीच्या निऱ्या, एकेक मुद्दा घेऊन ते पुढे सरकले. संध्याकाळ झाली. कुणी उठेना. मग बुवा म्हाताऱ्याच्या नजरेवर आले. स्वतः त्यांना एका डोळ्यानं जेमतेम दिसतं, दुसऱ्यात मोतीबिंदू.

"नजर गेली म्हणान काय झाला? रंगमंच डोळ्यांनी कोण बगता? पायपेटी खयसून वाजता ता समाजला की पाय आपसूक पडतत." थोडं थांबून म्हणाले, "ता तेंका बरा जमला."

हॉटेलातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. बुवांच्या तोंडून 'जमला' हा शब्द गावानं बहुधा प्रथमच ऐकला होता. बुवांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी लगेच नेसणीच्या निऱ्यांचा मुद्दा परत काढला.

फळ्यावर पहिलं नाव 'दशावतार', मग बाकीचे चार. 'मुंज्या'ही त्यात आहे, कारण काकीच्या घरून मला रोज ताक येतं. फळा लिहून खडू खाली ठेवतो तोच कार्यकारिणीतल्या दोघांनी क्रम चुकलाय म्हणून सांगितलं, तांडेलानं होडी असलेले सिनेमे वगळले नसल्याबद्दल निषेध नोंदवला, आणि भावोजींनी फोटो काढून 'मास्टरपीस' असं लिहून कुठेतरी पाठवून दिला. तरुण पिढी अजून वाचनालयाकडे वळलेली नाही. वर्गणीही कुणी भरलेली नाही, कारण 'वर्गणी भरा' पुसूनच मी जागा केली होती.

बुवा तेवढे आले. काठी टेकवत फळ्याजवळ गेले, नाक लावून यादी वाचली, 'शा'चा काना वाकडा आहे म्हणून सांगितलं आणि आत येऊन माझ्या समोरच्या बाकावर बसले.

"मोबाइलार गावता काय रे तो?"

म्हटलं, गावतो.

"मगे लाव बघया. दोन-तीन चुको सांगूच्यो रवल्यो हत."