आमची रात्रीची लाइट

घर दाखवायला आलेल्या एजंटानं भिंतीला टेकलेल्या एका बुटक्या, पांढुरक्या पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "ऑल इलेक्ट्रिक. इकॉनॉमी सेव्हन." मला वाटलं, सात वर्षांची गॅरंटी असेल. नवरा पडला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याचे डोळे असे लकाकले की भाड्यात घासाघीस करायची राहूनच गेली.

ही ऑक्टोबर 2023 ची, एडिंबरातली गोष्ट. आम्ही मूळचे बार्शीकडचे. उन्हाळ्यात 42 अंशांत तापून निघालेली माणसं. घर गरम करण्यासाठी पैसे मोजायचे असतात, हे पचनी पडायलाच आमची दोन वर्षं गेली होती.

परतताना बसमध्ये त्यानं मला सगळं समजावलं. इकॉनॉमी सेव्हन ही ब्रिटनमधली विजेची योजना 1978 पासून आहे. रात्री लोक झोपतात, विजेची मागणी पडते, पण मोठी वीजकेंद्रं काही कंदिलासारखी फुंकून झोपता येत नाही. मग ते सात तास वीज स्वस्त द्यायची. ती उष्णता करून साठवायची त्या पेटीत, म्हणजे हीटरमध्ये. पेटीच्या पोटात लोहखनिजाच्या जड विटा, त्यांच्यामधून तापणाऱ्या कॉइल, बाहेरून उष्णता अडवणारं जाड अस्तर. विटा रात्रभर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापायच्या आणि दिवसभर सावकाश निवायच्या. "100 किलो विटा 600 अंशांनी तापवल्या की साधारण 15 युनिटं आत!" हे तो अशा सुरात म्हणाला, जणू ती युनिटं आम्हाला मामाकडून मिळणार होती.

आमच्या करारात रात्रीचं युनिट 16 पेन्सांना होतं आणि दिवसाचं 34 ला. एकच दर घेतला असता तर 28 च्या आसपास पडलं असतं. म्हणजे एकूण विजेतली एक तृतीयांशाहून जास्त रात्री जाळली, की आपण जिंकलो. हे गणित बरोबरच होतं. फक्त शेजारच्या गल्लीत, जिथे गॅस होता, तिथे गॅसचं युनिट 7 पेन्सांना पडत होतं ही गोष्ट मला पुढे जानेवारीत कळली. नवऱ्याला ती आधीपासून ठाऊक होती. "पण त्यात काही इंजिनिअरिंग नाही," असं त्याचं म्हणणं.

पेटीवर दोन नॉब होते. इनपुट आणि आउटपुट. आज रात्री किती खायचं तो इनपुट आणि उद्या किती द्यायचं तो आउटपुट. पहिल्या रात्री कडाक्याची थंडी होती, म्हणून मी दोन्ही सहावर नेऊन ठेवले. पंखा असो, शॉवर असो, आपण पहिल्यांदा पूर्णच फिरवून बघतो. पहाटे चारला जाग आली ती घशाला कोरड पडून. बाहेर 2 अंश आणि आत बार्शीचा मे महिना. नवरा फरशीवर हातपाय पसरून पडला होता. आम्ही खिडक्या उघडल्या आणि 16 पेन्स युनिटची ती सगळी उष्णता एडिंबरा शहराला दान केली. आउटपुट रात्री बंद ठेवायचा असतो, नाहीतर विटा एकीकडून खातात आणि दुसरीकडून ओकतात, हे नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर कसं लग्नघरासारखं उबदार होतं. आम्ही पावणेआठला कुलूप लावून ऑफिसला गेलो. संध्याकाळी सहाला परत आलो, तेव्हा पेटीवर हात ठेवला तर ती आदल्या दिवशीच्या चहाच्या कपाइतकी गरम होती. डिसेंबरात तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. म्हणजे खरी थंडी सुरू व्हायच्या वेळेला आमच्या विटांनी हात वर केलेले. बूस्ट नावाचं एक बटण होतं, ते दाबलं की लगेच गरम. पण ते 34 वालं. नवऱ्यानं त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

आणि मग सुरू झाली रोज रात्री दहाची बैठक. या हीटरची गंमत अशी की उद्याच्या थंडीचा निर्णय आज घ्यावा लागतो. नवरा लॅपटॉपवर हवामानाचा अंदाज घेऊन बसे, एक्सेल उघडे, वाऱ्याचा वेगसुद्धा त्यात भरे. मग म्हणे, "इनपुट साडेतीन." मी म्हणे, "पाच." तो म्हणे, "डेटा बघ." मी म्हणे, "माझी नखं बघ." चारवर तडजोड व्हायची. दुसऱ्या दिवशी हमखास ऊन पडायचं, किंवा बर्फ. चारचा दिवस मी त्या हिवाळ्यात एकही पाहिला नाही.

एकदा स्वस्ताईची चटक लागली, की माणूस हीटरवर थांबत नाही. आमची स्वस्त वेळ रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात. मग धुण्याचं मशीन साडेबाराला. दोन वाजता ते गरागरा फिरायला लागलं की खालच्या आजोबांच्या छताला कंप सुटायचा. त्यांनी अत्यंत सभ्य चिठ्ठी लिहिली: रात्री आमच्याकडे हेलिकॉप्टर उतरतं का? तरी आम्ही सुधारलो नाही. एका रात्री मी उद्याची आमटी साडेबारानंतरच्या विजेवर करायला घेतली. फेब्रुवारी 2022 पासून स्कॉटलंडमध्ये घरोघरी एकमेकांना जोडलेले आगीचे अलार्म सक्तीचे आहेत. एक ओरडला की सगळे ओरडतात. मी तेलात मोहरी टाकली, मोहरीवर हिंग, त्यावर सुक्या मिरच्या, आणि पॅसेजमधल्या अलार्मला ठसका लागला. त्याच्यापाठोपाठ दिवाणखान्यातला, त्याच्यापाठोपाठ स्वयंपाकघरातला. एक वाजून पाच मिनिटांनी आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात उभे. मी हातात झारा घेऊन. त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि म्हणाले, "वास छान आहे." त्या आमटीतले किती पेन्स वाचले, ते मी नवऱ्याला मोजू दिलं नाही.

साडेबारा वाजले हे मीटरला कोण सांगतं, असा प्रश्न मला पडला. तर रेडिओ! बीबीसीच्या लाँग वेव्हवर, 198 किलोहर्ट्झवर, रेडिओ 4 च्या कार्यक्रमांच्या पोटात लपवून एक इशारा जायचा, आणि देशभरची असली मीटरं तो ऐकून दर बदलायची. याच लहरींवर पूर्वी टेस्ट मॅचचं समालोचन लागायचं. म्हणजे आमच्या मीटरनं गावसकरही ऐकला असणार. पुढे 30 जून 2025 पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली, आमच्याकडेही नवं मीटर बसलं. नवं मीटर हुशार आहे, पण त्याला क्रिकेटचा गंध नाही.

पहिलं मोठं बिल आलं त्या दिवशी मात्र नवऱ्याचा आवाजच बसला. मीटरला दोन रीडिंग असतात. वीज कंपनीनं दिवसाचं रात्रीला आणि रात्रीचं दिवसाला लावलं होतं. त्या बिलाप्रमाणे आम्ही दिवसभर घरी बसून भट्टी पेटवत होतो आणि रात्री अंधारात गुपचूप पडून राहत होतो. फोनवरच्या मुलीला हे समजावायला सहा आठवडे लागले. ती दर वेळी विचारायची, "तुम्ही रात्री इतकी वीज नक्की कशाला वापरता?" नवरा म्हणायचा, "साठवतो." मग पलीकडे शांतता. बहुधा तिनं पोलिसांना कळवावं का, याचा विचार केला असावा.

या सगळ्यात नोव्हेंबरच्या शेवटी सासूबाई आल्या. त्यांना आम्ही पेटी दाखवली. नवऱ्यानं कागदावर आकृती काढली. आईंनी आकृतीकडे न बघता पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "आगं, हे तर चुलीतला विस्तव राखेखाली दडपून ठेवल्यागत झालं. रात्री पेटवायचं, दिवसभर पुरवायचं." एक्सेलच्या 14 कॉलममध्ये जे मावलं नव्हतं, ते असं एका वाक्यात बसलं.

आठवडाभर बघून त्यांनी निकाल दिला. "पेटीत काही खोट नाही. ही पेटी घरात माणूस असणाऱ्यांसाठी केलीया. तुम्ही ताट वाढलं की उठून जाता आणि संध्याकाळी येऊन म्हणता, भाकरी गार झाली." मला राग आला, कारण खरं होतं. रोज आम्ही रिकाम्या घराला शेकत होतो आणि ऑफिसात, जिथे हीटिंगचे पैसे मालकाचे होते, तिथे स्वेटर काढून बसत होतो.

आईंनी कारभार हातात घेतला. सकाळी आउटपुट एकवर, आमच्या खोलीचं दार बंद, आपण पेटीसमोर खुर्ची टाकून शेंगा निवडत. चार वाजता, बाहेर अंधारलं की आउटपुट पाचवर. पेटीवर काही झाकायचं नाही, असं तिच्यावरच छापलं होतं. ते त्यांनी पाळलं, पण शेजारी हातभर अंतरावर स्टूल ठेवलं. त्या स्टुलावर स्कॉटलंडमध्ये आल्यापासून आमच्या घरी पहिल्यांदा दही लागलं. मटकीला मोड आले. आम्ही सहाला दार उघडायचो, तर घर उबदार आणि कुकर तयार. बिल जेवढं होतं तेवढंच राहिलं. नवरा म्हणाला, "म्हणजे सिस्टिममध्ये फक्त एक ऑपरेटर कमी होता." आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं लगेच भांडी घासायला घेतली.

रात्री मात्र त्या जाग्या राहायच्या, अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फोनसाठी. गावाकडे शेतीला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट असते. अण्णा रात्रभर उसाला पाणी देत, सऱ्यांची दारं मोडत फिरायचे, आणि सकाळी सहाला लाइट गेली की बांधावर बसून फोन लावायचे. तिकडचे सहा म्हणजे इकडचे बरोब्बर साडेबारा.

"गेली बघ आत्ता," अण्णांचा आवाज आला. "चार सऱ्या राहिल्या."

कपाटातल्या मीटरनं खट् केलं.

"आमची आली," आई म्हणाल्या.

"तुमच्याकडंबी रात्रीचीच? मग भिजवताय काय?"

"भिजवत न्हाय. विटा भाजतोय."

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग अण्णा म्हणाले, "एवढा इंजिनिअर करून पोरानं तिकडं वीटभट्टी काढली व्हय?"

"काढली," आई म्हणाल्या. "पण अजून एक वीट विकली न्हाय."