एडिटर पुन्हा टाकला म्हणून फाइल ओळखली जाईल, असं नाही

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हीएस कोडमध्ये फाइलला रंग येत नसेल, कोडच्या सूचना येत नसतील, तर प्लगिन करप्ट झालंय. ते काढून पुन्हा टाका. नाही जमलं तर एडिटर पुन्हा टाका. विंडोजमध्ये ओपन विथ बदला. शेवटचा उपाय, फाइलचं नाव बदला.’ व्हीएस कोड म्हणजे कोड लिहायचा एडिटर आणि प्लगिन म्हणजे त्याला जोडायची पुरवणी. सबमिशनच्या आदल्या रात्री मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सगळं क्रमाने करत बसतात. ती रात्र वाया जाऊ नये, म्हणून एकेक मुद्दा बघू.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं जुनं बिलिंग प्रोजेक्टला घेतलंय. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत लिहिलेलं, आणि डेटाबेसची जोडणी, जीएसटीचा हिशेब असल्या सामाईक गोष्टी .आयएनसी (.inc) फाइलींमध्ये.

‘प्लगिन करप्ट झालंय.’ त्याच एडिटरमध्ये एखादी .पीएचपी फाइल उघडा. तिथे रंग आणि सूचना येत असतील, तर प्लगिन ठणठणीत आहे. आता .आयएनसी फाइलवर या आणि खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ दिसेल. कुठली एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट) कुठल्या भाषेची, याची यादी एडिटरकडे आणि प्लगिनांकडे आधीच ठरलेली असते. पीएचपीच्या यादीत .आयएनसी नाही. शिवाय बरीच प्लगिनं आपल्या भाषेची फाइल उघडेपर्यंत जागीच होत नाहीत. प्लगिन शंभरदा काढून पुन्हा टाकलं तरी यादी तीच येणार.

उपाय त्याच कोपऱ्यात आहे. ‘प्लेन टेक्स्ट’वर क्लिक करा, ‘कॉन्फिगर फाइल असोसिएशन’ निवडा आणि पीएचपी सांगा. नुसती भाषा बदललीत तर ती त्या एका फाइलपुरती बदलते, असोसिएशन मात्र त्या एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाइलींना लागू होतं.

इथे एक खाच आहे आणि मुलं नेमकी तिथेच हताश होतात. रंग आले, तरी दुसऱ्या .आयएनसी फाइलमधलं फंक्शन ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे कुठेच नसल्यासारखं, दिसतं. इंटेलिफेन्ससारखं पीएचपीचं प्लगिन न उघडलेल्या फाइलीही वाचतं, पण कुठल्या वाचायच्या याची त्याची स्वतःची वेगळी यादी असते. तिच्यात सुरुवातीला .पीएचपी आणि .पीएचटीएमएल (.phtml) एवढंच असतं. प्लगिनच्या सेटिंग्जमध्ये ‘असोसिएशन्स’ शोधून .आयएनसी तिथेही घालावं लागतं.

‘एडिटर पुन्हा टाका.’ हा सल्ला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात निरुपयोगी. विंडोजवर एडिटर काढला तरी तुमच्या सेटिंग्जची फाइल ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. कुणी चुकून .पीएचपीला एचटीएमएल ठरवलं असेल, तर नव्या एडिटरमध्येही ते तसंच दिसेल. सेटिंग्ज सिंक (सेटिंग्ज सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या ठेवणारी सोय) चालू असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवरही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये .व्हीएसकोड नावाचा फोल्डर असेल तर तोही उघडून बघा. त्यातली सेटिंग तुमच्या सेटिंगला मागे सारते आणि पेनड्राइव्हमधून मित्राकडेही पोचते.

‘ओपन विथ बदला.’ डबल क्लिक केल्यावर कुठला प्रोग्रॅम उघडायचा, एवढंच त्याने ठरतं. एडिटरच्या आत भाषा कुठली, याच्याशी विंडोजचा संबंध नाही.

‘फाइलचं नाव बदला.’ यात तथ्य आहे, पण मेसेजमधल्या कारणासाठी नाही. सर्व्हरला वेगळं सांगितलेलं नसेल, तर ब्राउझरमधून मागितलेली .आयएनसी फाइल तो साधा मजकूर म्हणून देऊन टाकतो, आत डेटाबेसचा पासवर्ड असला तरी. त्यामुळे कारखान्याचं खरं सॉफ्टवेअर हातात असेल तर नाव .पीएचपी कराच. मात्र आधी दुसरी फाइल कोडमध्ये ओढून घेणारी प्रत्येक ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’ ओळ शोधून तिथलं नाव बदला, नाहीतर बिलच निघणार नाही.

प्लगिनमुळे खरोखर अडतं, असंही होतं. दुसऱ्याकडून आलेला फोल्डर उघडताना ‘याच्या लेखकांवर भरवसा आहे का’ या एडिटरच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं, तर एडिटर रिस्ट्रिक्टेड (मर्यादित) मोडमध्ये जातो आणि काही प्लगिनं बंदच राहतात. किंवा दोन प्लगिनं एकाच एक्स्टेन्शनवर हक्क सांगतात. अशा वेळी कमांड पॅलेटमधून (एडिटरचे आदेश शोधायच्या चौकटीतून) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा; इथे एक्स्टेन्शन म्हणजे प्लगिनच. एडिटर निम्मी प्लगिनं बंद करून अडचण अजून आहे का विचारतो, मग उरलेल्यांतली निम्मी, असं करत दोषी प्लगिनपर्यंत पोचवतो. काढायचंच असेल तर ते एक काढा.