घोडे मोजून घेण्यापूर्वी

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, टाकीवर स्टिकर चढलं. आता गाडी डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या मशीनवर, चढवून एकदाचे घोडे (हॉर्सपॉवर) मोजून घ्यायचे, असं तुमच्या मनात आहे. छान. फक्त घरातून निघण्यापूर्वी एक ठरवा: तुम्हाला पॉवर मोजायची आहे की आकडा हवा आहे? पॉवर मोजायची असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आकडा हवा असेल, तर या, बसा, सगळं रीतसर सांगतो.

सगळ्यात मोठं पथ्य आधी. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, असताना तिला डायनोच्या दारातही उभी करू नका. बदल करण्याआधी एक रन, बदल केल्यावर त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, तशाच हवेत दुसरा रन, आणि मग दोन्ही रेघा एकाच कागदावर, हे काम शंकेखोर माणसांचं. नाना पेठेत तासभर घासाघीस करून आणलेला, धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर असा उघडा पडला, तर तोंड कुठे लपवणार?

‘आधीचा’ आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातून घ्यावा. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घ्या. कंपनी सांगते २०.२ बीएचपी (म्हणजे घोडेच), ६१०० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना). हा आकडा क्रँकशाफ्टचा, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्याचा. गल्लीतला डायनो मोजतो मागच्या चाकाशी, आणि तिथे पोहोचेपर्यंत गिअरबॉक्स, चेन आणि टायर मिळून साधारण दहा ते पंधरा टक्के खाऊन बसलेले असतात. म्हणजे शोरूममधून कोरी करकरीत आणलेली गाडीसुद्धा रोलरवर सतरा-अठराच दाखवणार. यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट सोय आहे. तुमची अठरा आली की जाहीर करा, “चाकाशी अठरा, म्हणजे क्रँकला साडेबावीस!” त्यासाठी तोटा वीस टक्के धरावा लागतो, तो धरा. गॅरेजच्या कट्ट्यावर भागाकार कोणी तपासत नाही.

आता प्रत्यक्ष मशीन. जमिनीत बसवलेला एक जाडजूड लोखंडी रोलर, त्यावर तुमचं मागचं चाक, पुढचं चाक शिकंज्यात, दोन्ही बाजूंनी पट्टे, समोर एक भलामोठा पंखा. मिस्त्री कानात बोळे घालतो, चौथा गिअर टाकतो आणि खालच्या आरपीएमपासून एक्सलेटर पूर्ण पिळतो. रोलरचं वजन कॉम्प्युटरला ठाऊक असतं, तो किती वेगाने वेग पकडतोय एवढंच बघून बाकीचं गणित होतं. बारा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. ते पट्टे फार आवळू देऊ नका. टायर रोलरवर दबला की थोडी पॉवर तिथेच गरम होण्यात जाते. चाकात हवाही टणटणीत भरून न्या. पट्टा निसटून गाडी भिंतीला भेटली तर भेटली, पाव-अर्धा घोडा हातातून जाता कामा नये.

पण खरी कमाई रोलरवर होत नाही, ती सॉफ्टवेअरमध्ये होते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, आणि विरळ हवेत इंजिन थोडं कमीच ओढतं. ही उणीव भरून काढायला मशीन तापमान, दाब आणि दमटपणा बघून आकड्याला एका गुणकाने गुणतं. मूळ कल्पना अगदी प्रामाणिक आहे. म्हणूनच तिचा सेन्सर कुठे टांगलाय ते आधी हेरा. हळूच तो इंजिनच्या फिन्सजवळ, म्हणजे बाहेरच्या तापलेल्या पात्यांजवळ, सरकवा. खोलीत २५ अंश असताना त्याला ४५ वाटले, की मशीनला तुमची दया येते आणि आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. एवढ्यावर भागलं नाही तर मिस्त्रीला गुणकासाठी ‘एसएई’ या मापाऐवजी ‘एसटीडी’ निवडायला सांगा. ते जुनं माप, हवा थंड आणि दाट धरणारं. त्यात आणखी चारेक टक्के मिळतात. शेवटी बीएचपीच्या जागी पीएस (मेट्रिक घोडे) छापा, दीड टक्का तोही. गाडीला पान्याचं टोकही लागलं नाही आणि सतराचे साडेअठरा झाले. इतकं स्वस्त ट्यूनिंग जगात कुठे मिळेल?

एक धोका मात्र आहे, आणि तो म्हणजे जाणकार मिस्त्री. असा माणूस सायलेन्सरच्या तोंडात एक नळी खुपसतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बघत बसतो. पूर्ण एक्सलेटरवर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साडेबारा ते तेरा भाग हवे असतात. तुम्ही हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केलीत, पण ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती टाकायचं ते ठरवणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरला, कळवलंच नाहीत, त्यामुळे तो बिचारा जुन्याच हिशेबाने पेट्रोल टाकतोय. गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, तापते, एक्सलेटर सोडला की फटाके फोडते. फटाक्यांना तुम्ही पॉवर समजत होतात, ते वेगळं. शिवाय हा माणूस आलेखातल्या मधल्या भागावर बोट ठेवून म्हणतो, “साहेब, वरती अर्धा घोडा वाढलाय, पण अडीच ते चार हजार आरपीएममध्ये टॉर्क, म्हणजे ओढ, बसलाय बघा.” आणि सिंहगड रोडच्या सिग्नलपासून कात्रजच्या चढापर्यंत तुमची गाडी त्याच अडीच ते चार हजारांत चालते. अशा वेळी वाद घालू नये. पैसे द्यावेत, आलेखाचा फक्त उजवा कोपरा फोटोत घ्यावा आणि पुढच्या वेळी नळी नसलेलं दुकान शोधावं. रीमॅप करून (ईसीयूचा पेट्रोलचा हिशेब नव्याने बसवून) घ्या असं तो सुचवेल, तेही मनावर घेऊ नका. त्याने आवाज वाढत नाही.

छापील कागद मात्र जपून ठेवा, लॅमिनेट केलात तर उत्तम, आणि कायम गाडीत असू द्या. एखाद्या संध्याकाळी चौकात शिट्टी वाजेल, हवालदार सायलेन्सरकडे बघत “हा कंपनीचा आहे का?” असं विचारतील, तेव्हा तो अभिमानाने पुढे करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कागदाच्या डोक्यावर मिस्त्रीने सुवाच्य टाइप करून ठेवलेलंच असतं: फ्री-फ्लो एक्झॉस्ट, डीबी किलर (आवाज दाबणारा भाग) काढलेला, फिल्टर बदललेला. वर तारीख आणि गाडीचा नंबर. हवालदारांना खाली वाकूनसुद्धा बघावं लागणार नाही.