पौर्णिमेला पांढऱ्या पेशी डोक्यात चढतात म्हणे!

आपल्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चंद्र खंभातच्या खाडीचं पाणी 10 मीटर उचलतो, कावी-कंबोईचं स्तंभेश्वर मंदिर दिवसातून दोनदा बुडवतो, माणसाच्या अंगातही 70 टक्के पाणी, ब्रह्मांडातले द्रव आणि शरीरातले द्रव एकाच नियमाने चालतात, सबब पौर्णिमेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी डोक्याकडे ओढल्या जातात आणि इम्युनिटी पडते. म्हणून तेव्हा लस घेऊ नका, आणि कोजागरीचं चांदण्यातलं दूध प्या, पेशी वाढतात. काका, रागावू नका, पण एकेक घेऊया.

मंदिर बुडतं, शंभर टक्के खरं. पण भरती येते ती चंद्राच्या ओढीतल्या फरकाने. पृथ्वीची चंद्राकडची बाजू जरा जास्त ओढली जाते, पलीकडची जरा कमी, आणि मधे 12,742 किलोमीटर आहेत म्हणून तो फरक दिसतो, त्यात खंभातची खाडी आत येता येता अरुंद होत जाते म्हणून पाणी एवढं चढतं. तोच चंद्र आपल्या सूरसागर तलावावरही असतो की, तिथे पायऱ्यांवर भरती आलेली बघितलीय का कोणी? तलाव एवढासा, मग माणूस तर पावणेसहा फूट. त्याच्या डोक्या-पायातला चंद्राच्या ओढीचा फरक म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या साधारण तीस लाख कोटीत एक भाग. शिवाय मोठी भरती अमावस्येलाही येते आणि साधी रोज दोनदा, मग इम्युनिटी रोज दोनदा पडायला हवी ना?

70 टक्के पाणी. मोठ्या माणसात साधारण 60, आणि त्यातलं दोन-तृतीयांश पेशींच्या आतच असतं, ते कुठे वाहत जाणार? वाहतं ते मुख्यतः रक्त, पाचेक लिटर, आणि त्याला हृदय ढकलतं. ईएसआरचा रिपोर्ट सगळ्यांच्या घरी पडलेला असतो, तो काढा. उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते त्यात मोजतात. म्हणजे अख्खी पृथ्वी खाली ओढतेय, रक्त हलत नाहीये, तरी तासाला काही मिलिमीटर! चंद्रामुळे त्या ओढीत फरक पडतो फार तर कोटीत एक भाग, 70 किलोच्या माणसाला 7-8 मिलिग्रॅम, अंगावर दोन-तीन डास बसले तर होईल तेवढा. आणि डासांनी निदान डेंग्यू तरी होतो.

आता "एकाच नियमाने चालतात". हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. आकाशगंगेतला वायू आणि आपलं रक्त, दोघांनाही द्रवगतीचे तेच नियम लागू होतात. पण कोणत्या बळाचं चालणार ते आकारावर ठरतं. कित्येक प्रकाशवर्षं पसरलेला वायूचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आत ढासळतो, त्यातून तारे होतात. पांढरी पेशी मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग, तिच्यासाठी गुरुत्व जवळपास नसल्यात जमा, तिथे चालतं ते द्रवाच्या चिकटपणाचं आणि रसायनांचं. बोटात बाभळीचा काटा गेला की तिथल्या पेशी रासायनिक हाक सोडतात, जवळच्या बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात, वाहत चाललेली न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशीचा एक प्रकार) त्यांना अडखळते, भिंतीवरून लोळत लोळत हळू होते, मग घट्ट चिकटून थांबते, चपटी होते आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते, पुढे रसायन जिकडे दाट तिकडे सरपटत काट्यापाशी. 1882मध्ये मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञाने सिसिलीत मेसिनाला स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लांत काटे टोचून ठेवले होते, सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा. 1908चं नोबेल मिळालं त्याला, पॉल एर्लिखबरोबर. मेसिना तर समुद्राकाठचंच गाव, पण पेशी जमल्या काट्याभोवती, चंद्राच्या बाजूला नाही.

बरं, आकाशातल्या एका गोष्टीशी या पेशींचा खरंच संबंध आहे, ती म्हणजे सूर्य. दिवस-रात्रीच्या घड्याळाप्रमाणे रक्तातल्या लिम्फोसाइट्स (याही पांढऱ्या पेशीच) रात्री जास्त, सकाळी कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलं की कमी होतात. फॉरवर्डवाल्याने हे घेतलं असतं तर मी लाइक दिला असता.

कोजागरीचं मसाला दूध मीही पितो, केशर-पिस्त्यासाठी. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, उन्हापेक्षा साधारण चार लाख पट मंद, त्याने पेशी वाढायच्या तर दुपारी न्यायमंदिरापाशी पाच मिनिटं उभं राहून काय काय झालं असतं.

आणि लसीचं तेवढं खरंच मनावर घ्या. लस टोचली की तिथल्या पेशी तिचे तुकडे काखेतल्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे बी आणि टी पेशींची (लिम्फोसाइट्सचे दोन प्रकार) निवड होते, त्या वाढतात, अँटिबॉडी नीट तयार व्हायला एक-दोन आठवडे जातात. तेवढ्यात चंद्र पौर्णिमेवरून अमावस्येपर्यंत पोचलेला असतो, मग कुठली तिथी टाळणार? काकूंची टिटॅनसची तारीख पुढे ढकलली असेल तर उद्याच घेऊन या त्यांना.