कुतूहल असलेल्या माणसाला जाडजूड पुस्तकच द्या!

सुट्ट्या जवळ आल्या की "वाचणाऱ्या माणसाला काय गिफ्ट द्यावं" हे सुरू होतं आणि शेवटी बेस्टसेलरच्या ढिगातलं वरचं पुस्तक उचललं जातं. माझं मत वेगळंय. जो माणूस काहीही सांगितलं की "पण हे कळलं कसं?" असं विचारतो ना, त्याला अभ्यासकाने लिहिलेलं, तळटीपा आणि संदर्भसूचीवालं पुस्तक द्या. बोजड होईल म्हणता? काही पानं होतील, तेवढी तो गाळेल, लहान आहे का तो.

लोकप्रिय पुस्तकात बऱ्याचदा नुसता निष्कर्ष हातात येतो. अभ्यासकाच्या पुस्तकात तो कुठून आला, कोणाला पटलेला नाही, पुरावा कुठे कच्चा आहे हे सगळं उघड्यावर असतं आणि शंकेखोर माणसाला खरी मजा तिथेच येते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे बघा. शाळा जेमतेम, 1805 मध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तकं वाचत बसायचा. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला, आणि जेन मार्सेट बाईंच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या गोष्टी तर स्वतः छोटे छोटे प्रयोग करून तपासून पाहिल्या. असा वाचक तुमच्या ओळखीत असेल तर त्याला गुळगुळीत सारांश देऊ नका हो.

आता निवडायचं कसं. विषय बघून नाही, त्या माणसाचा प्रश्न बघून. "त्याला इतिहास आवडतो" एवढ्यावर भागत नाही, "जुन्या काळी साथी आल्या की लोक काय करायचे" असं काहीतरी तो सारखं बोलतो का ते आठवा. मग एकाच लेखकाने एकच प्रश्न धरून लिहिलेलं पुस्तक शोधा. वीस जणांचे लेख एकत्र केलेला संपादित ग्रंथ शक्यतो नको, त्यात दोन लेख भारी असतात आणि बाकीचे एकमेकांसाठी लिहिलेले. पीएचडीचा प्रबंध जरासा झटकून छापलेला असेल तर तोही नको. ओळखायला सोपंय, पहिलं प्रकरण पूर्ण "आधी कोणी काय म्हटलं" यातच संपतं.

मी प्रस्तावना वाचते आणि मग मधलं कुठलंही पान उघडते. प्रस्तावनेत प्रश्न साध्या भाषेत मांडता आला नसेल तर पुढे येईल अशी आशा नाही. शेवटची सूची पण बघते, चांगली विषयसूची म्हणजे कोणीतरी वाचकाचा विचार केलाय. विज्ञानाचं असेल तर वर्ष बघाच. जनुकशास्त्रावरचं वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक गिफ्ट म्हणून नको, पण इतिहासातलं किंवा भाषाशास्त्रातलं चाळीस वर्षांपूर्वीचं अजून खणखणीत असू शकतं.

अगदीच धाकधूक असेल तर ऑक्सफर्डची व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन्स मालिका आहे, 1995 पासून चालूय, शेकडो विषय, खिशात मावणारी, आणि लिहिणारे त्या विषयातलेच लोक. जुन्या साहित्याची आवड असेल तर हार्वर्डची लोएब मालिका, ग्रीक हिरव्या कव्हरात, लॅटिन लाल, समोरासमोर मूळ आणि इंग्रजी. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांसाठी 2015 मध्ये सुरू झालेली मूर्ती क्लासिकल लायब्ररी ही पुस्तकमालिका, तिथेही डावीकडे मूळ, उजवीकडे भाषांतर. भाषांतर खटकलं की मान वळवून मूळ बघता येतं, यापेक्षा चांगलं गिफ्ट मला तरी सुचत नाही.

किमतीचं म्हणाल तर विद्यापीठांच्या प्रकाशनांची हार्डबॅक मुळात लायब्रऱ्या घेतील या हिशोबाने महाग लावलेली असते, पेपरबॅक बऱ्याचदा वर्षा-दीड वर्षाने येते, त्यामुळे यंदाचं ताजं सोडा आणि दोन वर्षांपूर्वीचं बघा. आणि ऑर्डर लवकर करा, यातली बरीच जुनी पुस्तकं मागणी आली की मगच छापतात, सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात बसलात तर पुस्तक सुट्टी संपल्यावर येईल.