बिल तुमच्या नावावर, तर वस्तूही तुमचीच

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तोच, शेतकरी गटांत तोच. त्याचा सार असा: मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप आपण विकत घेत नाही, फक्त वापरायचं लायसन्स घेतो, खरी मालक कंपनीच. बाहेरच्या मेकॅनिककडे उघडलात की वॉरंटी गेली, वर गुन्हाही दाखल होतो. कंपनीला वाटेल तेव्हा ती उपकरण बंद करू शकते. दुकानासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक कोर्टात चालत नाही, आणि चालली तरी सामान्य माणसाला ते परवडत नाही. म्हणून निमूटपणे अधिकृत सेंटरला जा.

यातल्या दोन-तीन गोष्टींत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच लोकांना सगळंच खरं वाटतं. मी गावाकडच्या लोकांना ग्राहक तक्रारी लिहून देतो. या मजकुराचा परिणाम मला रोज दिसतो. जिंतूरला स्टँडजवळच्या एका दुरुस्तीच्या टपरीवर बसलो होतो. एक शेतकरी फोन घेऊन आला. चार्जिंग होत नव्हतं. मेकॅनिकने भिंगातून बघितलं, चिमट्याने जॅकमधली धूळ काढली आणि म्हणाला, "पिना जळाल्यात, सबबोर्ड बदलावा लागंल." त्यावर त्या माणसाने फोन चटकन मागे घेतला. "नको भाऊ, सील तुटलं की कंपनी केस करती म्हणतेत." बिल बघितलं तर खरेदीला दीड वर्ष होऊन गेलेलं. वॉरंटी एक वर्षाची, ती कधीच संपलेली. तोडायला भीती वाटावी असं काही उरलंच नव्हतं. तरी तो बस धरून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला निघाला होता, म्हणजे भाडं गेलं आणि दिवसाचा रोजही बुडाला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा: "आपण मालक नाही, फक्त लायसन्सधारक."

चूक. वस्तू विक्री कायदा १९३० चा आहे आणि आजही लागू आहे. किंमत देऊन वस्तूची मालकी विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाणं, यालाच तो विक्री म्हणतो. दुकानदाराने बिल फाडलं, पैसे घेतले, डबा तुमच्या हातात दिला, की तो फोन तुमचा. याच कायद्याचं कलम १४ सांगतं की, करारातून वेगळं काही दिसत नसेल तर खरेदीदाराला वस्तूचा निर्वेध ताबा मिळेल ही हमी प्रत्येक विक्रीत गृहीत असते.

लायसन्स असतं ते आतल्या सॉफ्टवेअरचं. फोन चालू करताना आपण जे न वाचता "मान्य आहे" म्हणून दाबतो, तो करार सॉफ्टवेअरपुरता. पुस्तक विकत घेतलं तर मजकुराचा कॉपीराइट लेखकाकडे राहतो. पण पुस्तक तुमचं. ते भावाला द्या, समासात लिहा, जुन्या बाजारात विका, लेखकाची परवानगी लागत नाही. फोनचंही तसंच. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तुम्ही अगदी रिकाम्या हाताचे नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरता बदल करता येतो आणि नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रतही ठेवता येते.

मजकुरात खरं काय, तर ॲपवरून "विकत" घेतलेला सिनेमा, गेम, ई-पुस्तक. तिथे बहुतेक वेळा खरोखरच नुसतं लायसन्स मिळतं. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती; पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली, पुढे पुस्तकं परत द्यायची तयारीही दाखवली, पण आधी काढून घेतली ती घेतलीच. त्या प्रकाराविरुद्ध जरूर ओरडा. फक्त तो नियम हातातल्या यंत्राला चिकटवू नका.

दुसरा: "बाहेर उघडणं गुन्हा आहे."

स्वतःचा फोन, टीव्ही, मिक्सर, बॅटरीचा फवारणी पंप उघडायला किंवा मेकॅनिककडून उघडून घ्यायला मनाई करणारा कायदा भारतात नाही. मजकुरात कॉपीराइट कायद्याची भीती घातली आहे, तर त्याचं उत्तर देतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण ती कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. जळालेला जॅक किंवा फुटलेला फोल्डर (काचेसकट स्क्रीनचा पूर्ण संच) बदलणाऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

गुन्हा कुठे होतो तेही सांगतो, कारण इथे लोक फसतात. फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बदलणं हा दूरसंचार कायदा २०२३ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोन तुमचा असला तरी तो नंबर तुमच्या मर्जीचा नाही. जुना फोन घेताना संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय तपासूनच पैसे द्या.

आणखी एक अपवाद आपल्या भागात मोठा आहे. सरकारी योजनेतून मिळालेला सौर पंप. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकरी १० टक्के किंवा ५ टक्के हिस्सा भरतो, बाकी अनुदान, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी पुरवठादाराची. त्या पंपाचा कंट्रोलर गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून उघडून घेऊ नका. हमी तुमच्या पदरात आहे, तिचा वापर करा. तक्रार नोंदवा, नंबर घ्या आणि पाठपुरावा करा.

तिसरा: "बाहेर हात लावला की वॉरंटी रद्द."

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे मजकूर अर्धा बरोबर आहे.

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेलं लेखी वचन. त्यात अटी असतात, आणि "अनधिकृत दुरुस्ती" ही अट जवळपास प्रत्येक कार्डावर असते. अमेरिकेत १९७५ पासून वेगळा वॉरंटी कायदा आहे. त्याचा आधार घेऊन तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना "सील तुटल्यास वॉरंटी रद्द" अशा पद्धतींबद्दल इशारा दिला. आपल्याकडे तसा कायदा नाही. त्यामुळे "सीलला काही किंमत नाही, खुशाल तोडा" असं उलट टोकाचं फॉरवर्ड करणारेही चुकतात.

पण कंपनीने कार्डावर छापलं म्हणजे ते शेवटचं, असंही नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या फक्त अधिकृत डीलरांच्या हाती ठेवत होत्या. दंडावर पुढे अपिलं झाली, आणि निर्णय गाड्यांबद्दलचा होता, मोबाइलबद्दलचा नव्हे, हे मान्य. तरी त्यात आयोगाने घालून दिलेलं तत्त्व मोलाचं आहे: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. साध्या माणसालाही पटणारी गोष्ट आहे. बाहेर चार्जिंगचा जॅक बदलला आणि तीन महिन्यांनी कॅमेऱ्याचा सेन्सर गेला, तर या दोहोंचा संबंध काय, हे कंपनीला लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "अन्याय्य करार" ही व्याख्याच नव्याने आली आहे. ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात टाकणारा करार त्यात बसतो.

आता माझा सल्ला, आणि तो मेकॅनिक मित्रांना आवडणार नाही. वॉरंटी चालू असेल तर आधी सेंटरलाच जा. जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची आणि तक्रार नोंदवल्याची लेखी पावती, घ्या. नकार दिला तर कारण जॉबशीटवर लिहून मागा. तोंडी "लिक्विड डॅमेज आहे" ऐकून परत येऊ नका. आतली ओलावा दाखवणारी पट्टी लाल झाली म्हणतात, तर तिचा फोटो मागा. हे सगळं का, तर दोष वस्तूचाच आहे का हे ठरवायला ग्राहक आयोग (लोक ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतात तो) ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मधल्या काळात चार हातांनी उघडलेला बोर्ड तिथे गेला, तर मूळ दोष कोणता आणि नंतरचा कोणता हे सांगणं अवघड होतं आणि तुमची बाजू लंगडी पडते. वॉरंटी संपलेली असेल तर मात्र विचार करत बसू नका. ज्याच्या हातावर भरवसा आहे त्याच्याकडे जा.

शिवाय वॉरंटी कार्ड म्हणजे सगळे हक्क नव्हेत. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लातूरच्या मोठ्या शोरूमपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत दिसते. वस्तू सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

चौथा: "कंपनी वाटेल तेव्हा बंद करू शकते."

तसं करायची ताकद तिच्याकडे असेल, पण ताकद असणं आणि अधिकार असणं यात फरक आहे. जुन्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केल्याचं ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं. २०१८ मध्ये इटलीच्या प्राधिकरणाने अपडेटवरूनच ॲपल आणि सॅमसंग दोघांना दंड केला. सध्याचा खरा त्रास वेगळा आहे: सुट्या भागांना सिरियल नंबरने फोनच्या बोर्डाशी बांधून टाकणं. त्याच कंपनीचा, दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल फोल्डर बसवला तरी स्क्रीनवर इशारा येतो, एखादं फीचर बंद पडतं. टपरीवरच्या कसबी मेकॅनिकचा धंदा यानेच मोडतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून याला चाप लावला. आपल्याकडे तसा कायदा यायला हवा, आणि त्यासाठी आपण आवाज उठवायला हवा.

हप्त्यावरच्या फोनचा विषय यात मिसळू नका. तिथे कर्जाचा करार आहे, त्याच्या अटी वेगळ्या.

पाचवा: "दुकानासाठी घेतलं तर तुम्ही ग्राहक नाही."

निव्वळ व्यापारी हेतूने किंवा पुढे विकायला घेतलं तर नाही, हे बरोबर. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यातून कायद्यानेच वगळली आहे. ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा प्रिंटर, शिवणकाम करणाऱ्या ताईंचं इलेक्ट्रॉनिक मशीन, फोटोग्राफरचा कॅमेरा यात येतात. तक्रारीत "हे माझ्या उपजीविकेचं साधन आहे आणि मी स्वतः वापरतो" हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहा. ते राहून गेलं म्हणून चांगल्या तक्रारी अडकतात.

सहावा: "ग्राहक कोर्ट परवडत नाही."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या तक्रारीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळुरूत, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सोय मराठवाड्यासारख्या लांबच्या भागासाठी फार मोठी आहे. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेती अवजारं ही त्यातली चार क्षेत्रं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, त्यावरून कुणावर सक्ती होत नाही, पण कंपनी स्वतः काय कबूल करते ते तिथे बघता येतं.

एक बारकावा. कराराची अटच अन्याय्य ठरवून मागायची असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. सदोष वस्तू किंवा सेवेतली त्रुटी एवढंच म्हणणं असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि फोन-टीव्हीच्या बहुतेक तक्रारी तशाच मांडाव्यात.

निकाल झटपट लागतो असं मी म्हणणार नाही. कायद्यात उद्दिष्ट तीन महिन्यांचं, तपासणी लागली तर पाच महिन्यांचं; प्रत्यक्षात तारखा लांबतात. मात्र अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज नको असेल, तर ही मागणी तक्रारीसोबतच्या अर्जात पहिल्याच दिवशी लिहून द्या.