पेपर वाचताना आधी माणसं मोजा

औषधाचा, आहाराचा किंवा काढ्याचा ‘रिसर्च पेपर’ हाती आला की बहुतेक जण गोषवारा वाचतात, शेवटचं वाक्य उचलतात आणि पुढे पाठवतात. यात डॉक्टर आले, पत्रकार आले, शिक्षकही आले. माझं ठाम मत आहे की अख्ख्या पेपरात सगळ्यात कमी भरवशाचा भाग गोषवाराच असतो. लेखक तिथे आपलं म्हणणं पटवत असतात. काम खरंच कसं झालं ते पद्धतीच्या भागात आणि तक्त्यांत दिसतं. तिथे गेल्यावर पहिलं काम एकच: माणसं मोजा. किती जण आत आले, किती जण शेवटच्या हिशोबात उरले आणि मधले कुठे गेले?

हे किती महत्त्वाचं आहे ते एका पेपरवरून दाखवतो. मार्च २०२०, फ्रान्समधलं मार्से शहर, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं जुनं औषध. पेपर १६ मार्चला पाठवला, १७ला स्वीकारला गेला, २०ला ऑनलाइन आला. जगभर फिरलेला आकडा असा: सहाव्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी ७० टक्के विषाणूमुक्त, न घेतलेल्यांपैकी फक्त १२.५ टक्के.

आता मोजू या. ७० टक्के म्हणजे २० पैकी १४. साडेबारा टक्के म्हणजे १६ पैकी २. एकूण माणसं ३६. (गटात शंभरच्या आत माणसं असली की टक्केवारी खोडून शेजारी खरे आकडे लिहायचे, ही सवय लावून घ्याच.) पण औषध सुरू केलं होतं २६ जणांना. मग सहा जण गेले कुठे? तिघांना आयसीयूत हलवावं लागलं, एक जण वारला, एकाने मळमळीमुळे औषध सोडलं, एक रुग्णालयातून निघून गेला. सहाही औषधाच्या गटातले. या सगळ्यांना ‘फॉलोअप सुटला’ (पुढची तपासणी झाली नाही) म्हणून हिशोबातून वगळलं होतं. हे लपवलेलं नव्हतं, निकालाच्या भागात सरळ छापलेलं होतं. गोषवाऱ्यावर थांबलेल्याला मात्र ते दिसणारच नव्हतं.

यासाठी नियम साधा आहे. ज्याला ज्या गटात टाकलं, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. औषध सोडलं तरी, आयसीयूत गेला तरी, वारला तरी. पद्धतीच्या भागात ‘इंटेन्शन टु ट्रीट’ हे शब्द शोधा. ते नसतील तर गळालेल्यांचा हिशोब स्वतः मांडा. इथे १४ भागिले २६ केलं की ७० टक्क्यांचे ५४ होतात.

दुसरा प्रश्न, तुलना कोणाशी? मार्सेच्या तुलनेच्या गटात औषध नाकारलेले किंवा निकषात न बसलेले रुग्ण होते, आणि दुसऱ्या रुग्णालयांतलेही होते. चिठ्ठ्या टाकून वाटणी झालीच नव्हती. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. इथे पातेलीच वेगळी होती. म्हणून तक्ता क्रमांक १ नीट पाहा: वय, आजाराची तीव्रता, इतर आजार, लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले. दोन गट सुरुवातीलाच सारखे नसतील, तर शेवटी दिसणारा फरक औषधाचाच आहे असं म्हणता येत नाही. त्याच पेपरात तुलनेच्या गटातल्या काही जणांच्या सहाव्या दिवसाच्या रकान्यात ‘चाचणी केली नाही’ असा शेरा आहे. न झालेली चाचणी पॉझिटिव्ह धरायची की निगेटिव्ह, हे लेखकांनी ठरवलं की निकाल तिथेच हलतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: मोजलं काय? मार्सेत मोजला तो नाकाच्या स्वॅबमधला विषाणू. रुग्ण जगला का, हे मोजायचं नव्हतंच. त्या सहा जणांतला जो वारला, त्याची आदल्या दिवशीची चाचणी निगेटिव्ह होती! म्हणजे या मोजपट्टीवर तो रुग्ण ‘विषाणूमुक्त’ होता. रक्तातला एखादा घटक, स्कॅनवरचा डाग, ईसीजीवरचे ठोके ही सगळी मधली मापं आहेत. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात म्हणून ते नियमित करणारी औषधं सर्रास दिली जात. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीचे निकाल १९९१ साली सविस्तर छापून आले, तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू निघाले आणि प्लासिबोवरच्या (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या) ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता, माणसं मरत होती.

मापं आधी ठरली होती की निकाल बघून निवडली, हेही तपासा. त्यासाठी चाचणीची नोंदणी उघडा. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे, कोणालाही फुकट पाहता येते. पेपरमधला नोंदणी क्रमांक तिथे टाका आणि ‘प्रायमरी आउटकम’, म्हणजे मुख्य माप, शब्दन्‌शब्द ताडून बघा. मार्सेच्या नोंदणीत चौदाव्या दिवसापर्यंत बघायचं ठरलं होतं, पेपरात हिशोब सहाव्या दिवशीच बंद केला. हा तपशील किरकोळ समजू नका. एकमेकांशी संबंध नसलेली वीस मापं तपासली, तर औषधात काहीही दम नसताना एखादं तरी ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ (म्हणजे ‘हा फरक निव्वळ योगायोग नसावा’ असं मानायची रूढ रेघ) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. अमेरिकेत हृदयविकारावरच्या मोठ्या सरकारी चाचण्यांचा आढावा घेतला गेला. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत फायदा दिसला होता. माप आधीच जाहीर करणं सक्तीचं झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये दिसला.

आता फायद्याचा आकार. ‘धोका ३१ टक्क्यांनी घटला’ असं वाचलं की लगेच विचारा, कितीवरून कितीवर? हा आकडा स्कॉटलंडमधल्या ६५९५ पुरुषांवरच्या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या) चाचणीतला आहे, १९९५ सालचा. पाच वर्षांत प्लासिबोवरच्या १०० पैकी ७.९ जणांना हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू, औषधावरच्या १०० पैकी ५.५ जणांना. म्हणजे शंभरात २.४ जण वाचले, किंवा सुमारे ४२ जणांनी पाच वर्षं गोळी घेतली की एकाचा फायदा. औषध चांगलंच आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण समोरच्या रुग्णाला निर्णय घ्यायला दुसरा आकडा लागतो, आणि तो सांगितला जात नाही याचा मला राग येतो.

आकड्यापुढच्या कंसातला पल्लाही सोडू नका, खरा आकडा साधारण त्या दोन टोकांच्या मध्ये असावा असा त्याचा अर्थ. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन १५६१ जणांना चिठ्ठ्या टाकून दिलं, ३१५५ जणांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांत मृत्यू २७ टक्के विरुद्ध २५ टक्के. दोन गटांतल्या मृत्यूंच्या दरांचं गुणोत्तर १.०९ (१ म्हणजे काहीच फरक नाही), पल्ला ०.९७ ते १.२३. पल्ल्यात १ येतो, म्हणून ‘औषधाने मृत्यू वाढले’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण औषधाने मृत्यू मोठ्या प्रमाणात घटत असतील ही शक्यता मात्र त्या ०.९७ने संपवली. ३६ माणसांनी उठवलेला प्रश्न पावणेपाच हजार माणसांनी मिटवला. दरम्यान आपल्याकडे मार्च २०२० मध्येच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हीच गोळी घ्यायचा सल्ला दिला होता आणि धास्तावलेले लोक दुकानांतून ती आणून घरात साठवत होते.

सरावासाठी आयसीएमआरचाच प्लाझ्मावरचा (कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्यावरचा) ‘प्लॅसिड’ पेपर घ्या, २०२०चा, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात फुकट वाचता येतो. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, आजार बळावणं किंवा मृत्यू १९ टक्के विरुद्ध १८ टक्के. महाराष्ट्रात त्याच वर्षी प्लाझ्मासाठी किती धावाधाव झाली ते आठवून वाचा. कोण कुठे गळलं याची आकृती बघा, मग तक्ता १, मग ठरलेलं माप, मग निकालाचे तक्ते, मग निधी आणि हितसंबंध. चर्चेचा भाग त्यानंतर. गोषवारा अगदी शेवटी वाचा आणि आपण काढलेल्या निष्कर्षाशी जुळतो का बघा. पहिल्यांदा दोन तास लागतील, दहाव्या पेपरला पाऊण तास.

आणि पेपर अजून उभा आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. मार्सेचा पेपर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, छापल्यानंतर पावणेपाच वर्षांनी. त्याआधी उतरवलेल्या पीडीएफवर ‘मागे घेतला’ असा शिक्का नाही आणि त्या पीडीएफ आजही ग्रुपांवर फिरताहेत. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत शीर्षक टाकलं की मागे घेतल्याची सूचना वरच दिसते.